मोल्सवर्थ: एका आडनावाचा माग (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५

मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, वाचनालयात जुन्या कोशांचं प्रदर्शन आहे. कॅरीचा १८१० चा मोडी लिपीतला कोश, केनेडीचा १८२४ चा, शास्त्रीमंडळींनी केलेला १८२९ चा 'पंडितांचा कोश', मग मोल्सवर्थचा १८३१ चा आणि त्याचीच १८५७ ची वाढवलेली आवृत्ती. प्रत्येक कोशाला एकेक तक्ता. माझ्या वाट्याला आलेला तक्ता मात्र कोशाचा नाही, कोशकाराच्या आडनावाचा आहे.

कल्पना ग्रंथपालबाईंची. त्यांचं म्हणणं असं, की आपण 'मोल्सवर्थमध्ये बघ' असं सहज म्हणतो, म्हणजे पुस्तक आणि माणूस यांच्यात फरकही ठेवत नाही. मग हे नाव आलं कुठून, हे लोकांना कळायला हवं. मला हे फार पटलं. साठ हजारांच्या आसपास मराठी शब्दांचे अर्थ ज्याने नोंदवले, त्याच्या स्वतःच्या नावाचा अर्थ शोधणं ही त्याची योग्य दखल आहे.

हद्द आजच आखून घेतली. जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) याची वंशावळ हा तक्त्याचा विषय नाही. विषय आहे आडनाव. एकच आडनाव असलेली सगळी माणसं एका रक्ताची असतात असं नाही, आणि हे तक्ता वाचणाऱ्यालाही कळलं पाहिजे.

९ जानेवारी

आधी प्रचलित उत्तरं गोळा केली. दोन सारखी समोर येतात.

पहिलं इंग्रजी वाचणाऱ्यांचं: जमीन पोखरणारा 'मोल' नावाचा प्राणी, अधिक 'वर्थ' म्हणजे किंमत. दुसरं आपल्याकडचं: मराठी 'मोल' आणि इंग्रजी 'वर्थ', दोन्हींचा अर्थ एकच, म्हणजे हे नाव मराठीसाठीच जन्माला आलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या शास्त्र्यांनी त्याला 'मोलेसरशास्त्री' केलं, त्यामुळे या दुसऱ्या उत्तराला आणखी गोडी येते. मोलेसरशास्त्री हे नाव तक्त्यावर येणारच, कारण त्यात माणसाला आपलंसं केल्याची खूण आहे. त्याचा व्युत्पत्तीशी संबंध नाही.

दोन्ही उत्तरं का टिकत नाहीत, ते लिहून ठेवते. हे नाव १०८६ साली लेखी मिळतं. त्या प्राण्याला तेव्हाच्या इंग्रजीत 'मोल' म्हणतच नसत. जुना शब्द 'मोल्डवार्प', म्हणजे माती उधळणारा. आखूड 'मोल' मध्ययुगाच्या उत्तरार्धातला. आणि नावाचा उत्तरार्ध किंमतवाला 'वर्थ' नाहीच. उच्चार पुढे सारखा झाला, एवढंच.

कुठल्याही नावाच्या बाबतीत आजचा उच्चार धरून अर्थ लावायला बसलं की हेच होतं. सगळ्यात जुनी लेखी नोंद धरायची आणि तिथून पुढे यायचं, दुसरा रस्ता नाही.

१४ जानेवारी

मोल्सवर्थ हे आधी गाव आहे.

इंग्लंडच्या पूर्व भागात, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला. शेकडो वर्षं ते हंटिंग्डनशर परगण्यात होतं. १९७४ च्या फेररचनेनंतर तो परगणा केंब्रिजशरमध्ये गेला. शेजारची गावं ब्रिंग्टन, कीस्टन, बायथॉर्न, ओल्ड वेस्टन. गाव इतकं लहान की आज ग्रामपालिकाही ब्रिंग्टनबरोबर जोडलेली आहे. सेंट पीटरच्या नावाचं जुनं चर्च आहे, त्यात मध्ययुगीन भित्तिचित्रांचे अवशेष आहेत.

लेखी नोंद डूम्सडे बुकातली. १०६६ ला नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजाने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवून आज्ञा दिली आणि पुढच्या वर्षात इंग्लंडमधल्या तेरा हजारांहून जास्त ठिकाणांची जमीन, नांगर, गिरण्या, कुळं यांची पाहणी झाली. त्यात हे गाव 'मोल्सवर्दे' असं लिहिलं आहे.

'थ'च्या जागी 'द' का? पाहणीचे कागद लिहिणारे लेखनिक नॉर्मन पद्धतीत तयार झालेले. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी 'थॉर्न' नावाचं स्वतंत्र अक्षर होतं. ते या लेखनिकांच्या सवयीचं नव्हतं, म्हणून त्यांनी जवळचा 'द' लिहिला. 'उ' आणि 'ओ' यांचीही सरमिसळ त्यांच्याकडे नेहमीची. पुढच्या शतकांतल्या कागदांत हेच गाव 'म्यूल्सवर्थ'च्या वळणाने, 'उ'कार घालूनही मिळतं. मोडी वाचणाऱ्या काकांना दोन्ही रूपं दाखवली तेव्हा त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. ऱ्हस्वदीर्घ न पाळणाऱ्या लिपीतून नावं उलगडण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. लिहिणाऱ्याचा हात आणि बोलणाऱ्याची जीभ या दोन वेगळ्या गोष्टी, हे त्यांना कोणी सांगायला नको.

१८ जानेवारी

उत्तरार्धाचं काम आज पुरं केलं. जुन्या इंग्रजीतला 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा. घर, अंगण, गुरांचा गोठा आणि भोवती कूड किंवा झुडपांची वई, असा एका कुटुंबाचा आवार. पुढे त्याच आवाराचा विस्तार होऊन वस्ती झाली, तरी नाव तेच राहिलं.

इंग्लंडच्या नकाशावर हा शेपूट जागोजागी दिसतो: टॅमवर्थ, केनिलवर्थ, वाँड्सवर्थ, हार्मंड्सवर्थ. नैर्ऋत्येकडे त्याचं 'वर्दी' होतं, जसं होल्सवर्दी. वेल्सच्या सीमेकडे 'वर्डाइन', जसं लेंटवर्डाइन. आडनावांत तर भरपूर: ॲशवर्थ, बटरवर्थ, हॉलिंगवर्थ, फार्न्सवर्थ. मराठी वाचकाला यातलं एखादं तरी ओळखीचं निघेल, म्हणून तक्त्यावर नकाशा हवाच. चित्रकार मुलीला सांगितलं आहे, गावं मोजकी घे पण अक्षरं मोठी ठेव.

२३ जानेवारी

पूर्वार्धावर जास्त वेळ गेला, आणि तो जावा इतका हा भाग भरलेला आहे.

मधला 'स' महत्त्वाचा. तो षष्ठीचा प्रत्यय आहे, आपल्या 'चा-ची-चे'सारखा. म्हणजे त्याच्या आधीचा शब्द बहुधा माणसाचं नाव. नाव 'मूल', ऊ दीर्घ. इंग्लंडमधल्या स्थलनामांचा परगणावार अभ्यास १९२३ पासून पद्धतशीर सुरू झाला आणि बेडफर्डशर-हंटिंग्डनशरचा खंड १९२६ ला आला. ॲलन मॉवर आणि फ्रँक स्टेंटन यांचं ते काम. त्यांच्या परंपरेतल्या सगळ्या अभ्यासकांनी मोल्सवर्थचा अर्थ असाच लावला आहे: मूल नावाच्या माणसाचा कुंपण घातलेला आवार.

'मूल' हा शब्द लॅटिनमधून आलेला, अर्थ खेचर. माणसाला खेचर का म्हणावं? खेचर हे दोन जातींच्या संकरातून होतं, त्यामुळे दोन वेगळ्या कुळांतल्या आईबापांच्या मुलाला हे नाव पडत असावं, असं अभ्यासक मानतात. ही शिवी होती असं समजायचं कारण नाही. या नावाचा राजाच होऊन गेला आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या कॅडवाला राजाचा भाऊ मूल. त्याने केंटवर राज्य केलं आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला इतर बाराजणांसह जाळून मारलं. सात वर्षांनी, ६९४ मध्ये, केंटच्या लोकांना त्याबद्दल वेसेक्सच्या आयना राजाला मोठी भरपाई मोजावी लागली. अँग्लो-सॅक्सन बखरीत दोन्ही नोंदी आहेत.

हा राजा आणि हंटिंग्डनशरचा मूल एकच होते असं कुणी म्हणत नाही, मीही तक्त्यावर तसं सुचवणार नाही. राजाचा उपयोग इतकाच: हे नाव त्या काळी माणसं खरोखर वापरत होती, याचा तो तारखेसकट पुरावा आहे.

शिवाय इतरही मूल होते. ससेक्समध्ये ब्रायटनजवळ मोल्सकूम, म्हणजे मूलची दरी. एसेक्समध्ये मोल्सम, मूलचं घर. सरे परगण्यात थेम्सकाठी मोल्सी, म्हणजे मूलचं बेट, पाणथळीतली कोरडी जागा. मोल्सीची गोष्ट तर तक्त्यावर चौकटीत द्यावी अशी आहे. तिथे थेम्सला मोल नावाची नदी मिळते. साहजिक वाटतं की नदीवरून गावाचं नाव पडलं. घडलं नेमकं उलटं. नदीचं जुनं नाव वेगळंच होतं. लोकांनी 'मोल्सी' ऐकून 'मोल नदीचं बेट' अशी फोड केली आणि नदीलाच नवीन नाव देऊन टाकलं. चुकीचा अर्थ लावून नदीचं नाव बदलू शकतं, तर आडनावाला खोट्या कथा चिकटल्या यात नवल नाही.

२९ जानेवारी

गावाचं आडनाव कसं होतं, हा तक्त्याचा गाभा. आज दिवसभर यावरच.

नॉर्मन विजयापूर्वी, म्हणजे १०६६ च्या आधी, इंग्लंडमध्ये सामान्यपणे एकच नाव असे. नंतर जमिनीचे वारस ठरवायला, कर गोळा करायला, दोन जॉनमधला कुठला हे कळायला दुसरं नाव लागू लागलं. ते चार वाटांनी आलं: बापाचं नाव, धंदा, अंगचा एखादा गुण किंवा व्यंग, आणि ठिकाण. आधी ते त्या माणसापुरतंच असे, मुलगा दुसरं लावी. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्लंडभर ते वंशपरंपरागत झालं. १३७७ ते १३८१ या काळातल्या डोईपट्टीच्या याद्या, १४१३ चा कोर्टाच्या कागदात प्रतिवादीचा हुद्दा-धंदा आणि ठिकाण लिहायला लावणारा कायदा, १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी ठेवायचा हुकूम, या सगळ्यांनी नावं कागदावर पक्की होत गेली.

ठिकाणाच्या नावाच्या पुन्हा दोन वाटा. एक मालकीची. ज्याच्याकडे गावची जहागीर, तो 'दे मोल्सवर्थ', म्हणजे मोल्सवर्थचा. दुसरी वाट निघून जाण्याची. गावात राहणाऱ्याला गावकरी 'मोल्सवर्थचा' का म्हणतील? तिथे सगळेच मोल्सवर्थचे. तो हंटिंग्डनच्या बाजारात स्थिरावला, लंडनला गेला, म्हणजे तिथले लोक त्याला त्या नावाने ओळखणार. पुढे 'दे' गळालं आणि नुसतं मोल्सवर्थ राहिलं.

आपल्याकडे 'कर' लावणाऱ्या आडनावांचं असंच आहे. गाव सुटल्यावर गाव नावात आलं. प्रदर्शनाला येणाऱ्या बहुतेकांच्या घरात असं एखादं आडनाव असेल, त्यामुळे हा मुद्दा त्यांना समजावून सांगावा लागणार नाही, नुसता ठेवला तरी पुरे.

म्हणून तक्त्याचं मुख्य वाक्य आज ठरलं: ठिकाणावरून आलेलं आडनाव हे बहुतेक वेळा तिथून बाहेर पडलेल्यांचं असतं. 'मोल्सवर्थ'चा इतिहास पुढे पाहिला तर हे वाक्य किती खरं आहे ते कळतं.

४ फेब्रुवारी

बाहेर पडलेले मोल्सवर्थ. मोजकेच घेतले.

कॉर्नवॉलची शाखा: एलिझाबेथ पहिलीच्या काळात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीच्या हिशेबतपासणीच्या कामावर तिकडे गेला आणि तिथेच राहिला. बॉडमिनजवळचं पेनकॅरो हे त्यांचं घर. याच घराण्यातला हेंडर मोल्सवर्थ १६८० च्या दशकात जमैकाचा नायब गव्हर्नर होता, १६८९ ला बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा किताब) झाला. 'हेंडर' हे त्याचं पहिलं नावही मुळात आडनावच, घराण्यात आलेल्या सुनेच्या माहेरचं. हाच हेंडर जमैकात रॉयल आफ्रिकन कंपनीचा अडत्या होता, म्हणजे गुलामांच्या व्यापारात त्याचा थेट हात होता. हे तक्त्यावर येणार. समितीत एकाने विचारलं, कोशाच्या प्रदर्शनात हे कशाला. आडनाव कुठे कुठे गेलं ते सांगायचं तर कशावर स्वार होऊन गेलं हेही सांगावं लागेल, असं मी म्हटलं आणि त्यावर ठाम आहे.

आयर्लंडची शाखा: रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५), डब्लिनचा. इंग्लंडच्या वतीने डेन्मार्कला वकील होता, परत येऊन १६९४ मध्ये तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर पुस्तक लिहिलं आणि ते युरोपभर गाजलं. १७१६ ला व्हायकाउंट हा सरदारकीचा किताब मिळाला. डब्लिनमधली मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याच्या नावाची.

पेनकॅरोचाच सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५): तत्त्वज्ञ हॉब्जच्या समग्र ग्रंथांचा संपादक, आणि मरणाच्या वर्षी ब्रिटनचा वसाहतमंत्री. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला संसद ज्या रस्त्यावर आहे तो मोल्सवर्थ स्ट्रीट. त्याच देशातलं सगळ्यात मोठं शेत-कुरण मोल्सवर्थ स्टेशन, १,८०,००० हेक्टरांच्या वर.

एका माणसाच्या कुडाआतल्या आवाराचं नाव, आणि त्या नावाचं हे कुरण. आकडा मोठ्या अक्षरात घ्यायचा.

१० फेब्रुवारी

सरदार घराण्यांच्या छापील वंशावळी उघडल्या. मोल्सवर्थांची सुरुवात बहुतेक ठिकाणी सर वॉल्टर दे मोल्सवर्थपासून होते, जो १२७० च्या धर्मयुद्धात राजपुत्र एडवर्डबरोबर गेला असं सांगितलं जातं.

ही कथा तक्त्यावर 'घराण्यात सांगतात' एवढ्याच शब्दांत जाईल. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी सरदारांना आपला मूळ पुरुष धर्मयुद्धात असावा असं वाटे, आणि वंशावळी लिहिणारे ती हौस पुरवीत. आडनावाचा अर्थ सिद्ध करायला वॉल्टर लागतही नाही. तो नसता तरी गाव आहे, १०८६ ची नोंद आहे, 'स' आहे, 'वर्थ' आहे. माझ्या लेखी या चार गोष्टींचं वजन शिलेदारापेक्षा जास्त आहे.

१६ फेब्रुवारी

आज मोल्सवर्थलाच मोल्सवर्थमध्ये शोधलं. म्हणजे त्याच्या आडनावाचा अर्थ मराठीत सांगायला जो शब्द हवा, तो त्याने कसा नोंदवला आहे ते पाहिलं. पुण्यात १९७५ ला निघालेलं पुनर्मुद्रण आपल्या वाचनालयात आहे. शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेली प्रतही पडताळून पाहिली.

शब्द 'वाडी'. पहिला अर्थ त्याने दिला आहे कुंपण घातलेलं शेत किंवा बागाईत. त्यापुढे इंग्रजीत एकामागून एक समानार्थी शब्द रचले आहेत, 'एन्क्लोजर', 'क्लोज', 'पॅडॉक' आणि शेवटी 'पिंगल'. हा 'पिंगल' इंग्लंडच्या मध्यभागातल्या बोलींमधला, कुंपणातल्या लहानशा तुकड्याचा शब्द. दुसरा अर्थ, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका.

म्हणजे आधी कुंपणातली जमीन, मग तिच्यावरची वस्ती. जुन्या इंग्रजीतल्या 'वर्थ'चा प्रवास अगदी याच क्रमाने झाला. मोल्सवर्थ हे नाव मराठीत सांगायचं तर 'मूलची वाडी'. याहून नेमकं मला सुचत नाही, आणि त्याने स्वतः केलेल्या नोंदीवरून ते सिद्ध करता येतं याचा मनापासून आनंद झाला. 'वाडी'ची नोंद लिहिताना आपल्या आडनावाचा विचार त्याच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. पण या कोशाचा पल्ला यातून दिसतो. एका मराठी शब्दासाठी त्याने बोलीतला शब्दसुद्धा धुंडाळला आहे. सोबतच्या शास्त्र्यांनी 'वाडी'च्या छटा सांगितल्या असणार, तेव्हाच इतके पर्याय गोळा करायची गरज पडली.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, ते पान उघडं ठेवून काचपेटीत ठेवू. ठरलं.

१९ फेब्रुवारी

गावाच्या आजच्या काळाबद्दल चार ओळी हव्यात, नाहीतर लोकांना वाटेल मोल्सवर्थ अकराव्या शतकातच थांबलं.

गावाशेजारी लष्करी तळ आहे, पूर्वी तो विमानतळ होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचा ३०३ वा बाँबफेकी गट इथून उडत असे. १९८० च्या दशकात इथे अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं, तेव्हा शांततावाद्यांनी तळाच्या जागेवर छावणी टाकली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्याने रातोरात ती उठवली आणि तळाला तारेचं कुंपण घातलं.

कोशकार मोल्सवर्थने धर्मश्रद्धेपोटी लष्करी पेशा सोडला होता, ही ओळ त्याच्या कोशाच्या तक्त्यावर आहेच. दोन्ही तक्ते शेजारी लावा असं सांगितलं. जोड वाचणारा लावेल.

२४ फेब्रुवारी

अंतिम मजकूर छपाईला दिला. वरचा भाग असा:

'मोल्सवर्थ. इंग्लंडच्या हंटिंग्डनशरमधील एका लहान गावावरून आलेले आडनाव. १०८६ च्या पाहणीत गावाची नोंद. अर्थ: मूल नावाच्या माणसाची कुंपण घातलेली जागा, मूलची वाडी. हे आडनाव लावणारे सर्व एका कुळातले असतीलच असे नाही. गाव सोडून गेलेल्यांना इतरांनी गावाच्या नावाने ओळखले, त्यातून ते रूढ झाले.'

खाली नकाशा, मोल्सीची चौकट, शाखा, आणि 'मोल' व 'किंमत' या दोन प्रचलित समजुती का टिकत नाहीत याचा छोटा परिच्छेद. मुद्रिताच्या तपासणीत 'वर्थ'मधला रफार दोन ठिकाणी पुढच्या अक्षरावर सरकलेला सापडला, तो नीट करून घेतला. तक्त्याशेजारी कोरी वही आणि पेन ठेवायचं आहे, ज्यांच्या आडनावात गाव आहे त्यांनी गाव आणि ते कोणत्या पिढीत सुटलं हे लिहावं म्हणून. वहीला रेघा ग्रंथपालबाई आखून देणार आहेत.